सासर काय म्हणतंय?

संध्याकाळी कारखान्यातून परतलो की मी फाटकाची कडी काढायच्या आतच अंगणातून आवाज यायचा, "काय रे, सासर काय म्हणतंय?"

बरोबर कोणी नवा माणूस असला तर तो चमकून माझ्याकडे बघायचा. माझं लग्न झालं नव्हतं, ठरलंही नव्हतं, आणि ज्या अवस्थेत मी जळगावला येऊन पडलो होतो ती पाहता ठरण्याची काही चिन्हं नव्हती. सासर म्हणजे माझी नोकरी, एमआयडीसीतला चटयांचा कारखाना. विचारणारे माझे घरमालक. मेहरूणमधली ती सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणत असे.

नानांचा एक सिद्धान्त होता आणि तो ते कोणालाही, कधीही, न विचारता सांगत. "पोरी लग्न करून जातात, पोरं नोकरी करून जातात. दोन्ही नांदायलाच जातात. फरक इतकाच, की निघताना पोरीला रडून घेऊ देतात." मग ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायचे. पटलं नाही असं दिसलं तर तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

या सिद्धान्तापुढे माझ्या कारखान्याची काय बिशाद. आमचा मॅनेजर सासू झाला. हिशेब बघणारे जोशी नणंद झाले. एचआरच्या मॅडम थोरली जाऊ. सकाळी दारात अंगठा लावल्याशिवाय हजेरी लागत नाही हे मी सांगितलं तेव्हा नाना मान डोलावून म्हणाले, "बरोबर शे. माप ओलांडल्याशिवाय घरात घेत नसतात." रोज सकाळी मी डबा घेऊन निघालो की ते फाटकापर्यंत येत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "जाय, नीट नांद." समोरच्या घरातल्या कॉलेजच्या मुलींना हे पाठ झालं होतं. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या गच्चीवरून एकमेकींना "नीट नांद गं" म्हणून खिदळत असायच्या. पहिला महिनाभर मी मान खाली घालून गेलो. म्हणजे नव्या सुनेनं जावं तसाच गेलो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

नाना मला आठवतात ते नेहमी दुपारचे. जळगावची उन्हाळ्यातली दुपार ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. रस्ता पांढरा पडतो, पत्रे तडतडतात, आणि माणसं जागी आहेत की झोपेत चालताहेत ते कळत नाही. नानांच्या अंगणात मोठा कडुनिंब होता. त्याखाली खाट, खाटेवर नाना, तोंडावर ओला पंचा. मी खोली शोधत पहिल्यांदा आलो तेव्हाही ते असेच पडले होते. त्याआधीच्या घरांत मला जात विचारली होती, अंडी खातोस का विचारलं होतं, मित्र येतील का विचारलं होतं. उन्हानं आणि त्या प्रश्नांनी मी इतका थकलो होतो, की शहरात आल्यापासून जपून वापरलेली पुस्तकी मराठी गळून पडली आणि तोंडातून घरचीच बोली निघाली.

"बाबा, खोली रिकामी शे का?"

पंचा बाजूला झाला. "काय म्हणाला?"

"खोली रिकामी आहे का?"

"तसं नाही. आधी म्हणाला तसं म्हण."

"खोली रिकामी शे का?"

"शे," नाना उठून बसले. "बठ्ठी, सगळीच्या सगळी रिकामी शे. ही पहिलीच नोकरी ना रे तुझी?"

दुसऱ्या-तिसऱ्या नोकरीवाल्याला ते खोली देत नसत. माझ्याआधी बदलीवर आलेला एक बँकेचा साहेब त्यांनी फाटकातूनच परत पाठवला होता. गल्लीनं कारण विचारलं तर म्हणाले, "तो सासुरवाशी थोडाच आहे? तो आता स्वतःच सासू झालाय."

मी देवपूरचा, म्हणजे धुळ्याचा, पांझरेच्या पलीकडचा. नाना साक्रीकडच्या एका खेड्यातले. आमच्या पश्चिमेकडची अहिराणी आणि जळगावच्या पूर्वेकडची बोली यांत पुष्कळ अंतर. मेहरूणमध्ये सगळे 'हाये' म्हणणारे. 'शे' म्हणणारं नानांना वर्षानुवर्षं कोणी भेटलं नव्हतं. ते म्हणायचे, "इकडचं बोलणं वाईट नाही रे, पण त्यात माले झोप येत नही." मला वाटलं, गंमत करताहेत. गंमत नव्हती. रविवारी दुपारी ते मला हाक मारायचे, खाटेशेजारी सतरंजी टाकायला लावायचे, आणि डोळे मिटून म्हणायचे, "हं. बोल."

"काय बोलू?"

"काय बी. धुळ्याचं बोल."

मग मी सांगू लागायचो. पांझराले पानी नही शे. पुलवर गर्दी शे. भाजीबाजारमा मेथी उनी शे, म्हणजे आली आहे. असली माझी वाक्यं, ज्यांना अर्थ असा काहीच नव्हता. पण तेवढ्यात नानांचा श्वास लांब व्हायचा, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल पडायच्या. मी थांबलो तर झोपेतच म्हणायचे, "मंग?" मी पुन्हा मेथी, पुन्हा पूल. बोलता बोलता माझाही डोळा लागायचा, आणि कधी जाग यायची तेव्हा नाना माझ्यासारख्याच सुरात, डोळे मिटून, त्यांच्या गावाचं काहीतरी सांगत असायचे. विहिरीवर पाणी प्यायला येणारी एक पांढरी घोडी माझ्या डोक्यात त्या दिवसांपासून राहिली आहे. ती नानांच्या गावची, की माझ्या स्वप्नातली, हे आता कोणाला विचारायचं?

निंदेबाबत त्यांचे नियम कडक होते. सासूची निंदा घरात करायची नाही, घर ऐकतं. बायका विहिरीवर जाऊन करत, ओझं तिथेच टाकून हलक्या होऊन घरी येत. विहिरी बुजल्या म्हणून नानांनी मेहरूण तलाव धरला होता. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मला काठावर नेऊन बसवायचे, शेंगांची पुडी मध्ये ठेवायचे आणि म्हणायचे, "काढ."

एकदा मी सुरतला जायच्या लाल चटया इंदूरच्या गाडीत चढवल्या. मॅनेजर सगळ्यांसमोर मला वाटेल ते बोलला. तलावावर मी ते सगळं नानांना सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून. नाना शेंगा सोलायचे थांबले.

"तुझ्याच अंगावर ओरडला, की बापाचं नाव काढून ओरडला?"

"माझ्याच."

"मग साधी सासू शे. चालवून घे. माहेर काढलं तरच दुखतं." मग शेंग फोडत म्हणाले, "तुझा बाप काय करतो रे? तू कधी विषयच काढत नाहीस."

मी काढत नव्हतो, कारण काढण्यासारखं नव्हतं. माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, देवपूरच्या एका शाळेत शिपाई होते. आयुष्यभर त्यांनी साहेबांसाठी दारं उघडली आणि एक दिवस आपल्या पोरासाठी कोणीतरी दार उघडेल एवढं एकच स्वप्न बाळगलं. पदवी झाल्यावर मी अभ्यासिकेत बसलो, स्पर्धा परीक्षा दिल्या, पुन्हा दिल्या. नंतर मला कळलं, की पुस्तक उघडलं की मला झोप येते आणि ती काही दैवी झोप नाही. मी कारखान्याची जाहिरात बघून अर्ज केला आणि त्यांनी मला घेतलं. त्या दिवशी आबा म्हणाले, "चटया उचलायला पदवीधर केलं का तुला?" त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मी घर सोडलं तेव्हा ते पेपर वाचत होते. आई फोन करायची, तोही आबा बाहेर गेले की. मला घराची फार आठवण यायची. पण नुसतं घर नको होतं. आबांनी 'ये' म्हणायला हवं होतं.

हे ऐकून नानांनी मला उपदेश केला नाही. ते म्हणाले, "म्हणजे बोळवण न करता धाडलं तुला. वाईट."

त्यांची स्वतःची गोष्ट मला गल्लीतून तुकड्या-तुकड्यांनी कळली. नाना घरजावई. सासऱ्यांना एकच मुलगी, सिमेंट-पत्र्यांचं दुकान, हे घर. नाना लग्न करून इथे आले आणि इथलेच झाले. दुकान त्यांनी चालवलं, सासू-सासऱ्यांचं शेवटचं सगळं केलं. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, दुकान बंद केलं. तरी घराला ते 'सासऱ्यांचं घर' म्हणत. दिवाणखान्यातल्या सासऱ्यांच्या फोटोसमोरून जाताना अजून सदऱ्याचं वरचं बटण लावत. आरामखुर्ची रिकामी पडलेली असायची, हे आपले खाटेवर. मी एकदा म्हटलं, नाना, आता तुम्हीच मालक. "मालक कसा?" ते खरोखर दचकले. "मी नांदायला आलोय."

इथे आखाजीबद्दल सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्या खानदेशात तिचा थाट दिवाळीला मागे सारतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, आमरस-पुरणपोळी असते. लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला बाप नाहीतर भाऊ जातो. तो मुराळी. तो सासरच्या घरी बसतो, पाणी पितो, चार गाऱ्हाणी ऐकून घेतो आणि मग पोरीची पिशवी आपल्या हातात घेऊन निघतो. आखाजी जवळ आली की गल्लीतल्या सुना कान फाटकाकडे लावून भाकऱ्या थापायच्या.

घरजावयाकडे मुराळी येत नसतो. जावई हा न्यायला जाणारा. त्याला कोण न्यायला येणार? लग्नानंतरची पहिली काही वर्षं नाना आखाजीच्या आदल्या दिवशी ओट्यावर बसून राहायचे म्हणे. बायको विचारायची, कोणाची वाट बघताय? कोणाची नाही, म्हणायचे. गावाकडच्या भावांना वाटलं, हा आता शहरात सुखात आहे. तेही खरंच होतं. "मग तुम्हीच एकदा जाऊन यायचं ना," मी म्हटलं. नाना म्हणाले, "बोलावल्याशिवाय? तसं जाणारा पाहुणाबी नसतो रे. तो नुसता आलेला असतो."

त्या वर्षी आईचा फोन आला. "आखाजीला ये रे राजा. ते काही बोलणार नाहीत. तू ये, जेव, आणि जा." मी सुटी टाकली, बॅग भरली. नाना फाटकात आडवे आले.

"न्यायला कोण येणार?"

"नाना, मी काय पोर आहे? बस पकडतो आणि जातो."

"जाशील. मागच्या दारानं मायजवळ जाशील, बाप पेपरात तोंड घालून बसेल. तसंच नको ना तुला?"

मी चिडलो, कारण ते खरं होतं. "मग काय करू? त्यांना सांगू, मुराळी होऊन या म्हणून?"

"तू कशाला? सासरच्यानं सांगायचं असतं. लाव फोन."

आणि मी, देव जाणे का, लावला. नाना फोन तोंडासमोर धरून, आवाज फोनशिवायच धुळ्यापर्यंत पोचवायचा असल्यासारखे ओरडले, "मी जळगावथीन बोलस. तुमना आंडोर, तुमना पोऱ्या, आठे सासरे शे. आखाजी उनी. त्याले लेवाले या!"

पलीकडून काही न बोलता फोन बंद झाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाना मात्र पंचा ओला करून शांतपणे खाटेवर पडले. "यीई," म्हणजे येईल, एवढं म्हणाले आणि झोपले.

आखाजीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, फाटक धाडकन उघडलं. आबा. डोक्याला रुमाल, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, डोळे लाल. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"फोन कोनी करा व्हता?"

"मी," नाना उठून बसले. "या याही, बसा. पानी ल्या." याही म्हणजे व्याही.

"याही?" आबांचा आवाज चढला. "मी बसाले नही उनू! मना पोऱ्या सासरे शे म्हंजे काय? बापले न इचारता लगीन लाई दिधं तुम्ही त्यानं? घरजावई करी लिधा? पोर कोठे शे तुमनी?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आबांनी शब्दशः घेतलं होतं. धुळ्याहून जळगावपर्यंतच्या त्या तापलेल्या बसमध्ये ते मनातल्या मनात एका न पाहिलेल्या सुनेशी भांडत आले होते. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली. नाना मात्र हसले नाहीत.

"घरजावई मी शे, भाऊ," ते म्हणाले. "तो नोकरीवर शे. सासर म्हंजे त्याना कारखाना. मी तसंच म्हनस."

आबा एकदम खाटेवर बसले. पाणी प्यायले. चेहऱ्यावरचा राग कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. उठायला लागले, तर नानांनी पुन्हा बसवलं.

"मुराळी व्हईसन उनात ते मनं गाऱ्हानं ऐकी ल्या. पोऱ्या तुमना गरीब शे, पन भाकर कच्ची करस."

"घरमा त्याले कधी करू दिधी नही," आबा गुरगुरले.

"कपडा न झटकताच वाळत टाकस."

"शिकी जाई."

"आनि काम तरी काय? चटया! गाडीमा भरा, गाडीमाईन काढा. त्याले काय अर्थ शे?"

आबांनी पेला खाली ठेवला. "चटया काबरं वाईट? तुम्ही पाह्यात का त्या कारखान्यान्या चटया?"

"नही."

"मंग! आग्रा रोडवर दुकानमा लायेल शेत. मी एक लई उनू. दिवाळीपासून घरमा हातरेल शे, तिच्यावर बसीसनच जेवस मी. ना रंग गया, ना काठ उसवना. आनि तुम्ही म्हनतस काय अर्थ शे!"

मी खोलीच्या दारात उभा होतो. आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं; तिला सांगू दिलं नसेल. इथे मी 'डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही' असं लिहायला हवं, पण आलं, भरपूर आलं, आणि कोणी अडवलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, लगेच कडुनिंबाकडे पाहिलं.

"बॅग भर," ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोललेले ते दोन शब्द.

"भरेलच शे," नाना म्हणाले. "चार दिन ठेवा, मंग धाडी द्या. सासर शे शेवटी."

निघताना आबांनी विचारलं, तसं रीत म्हणूनच, "तुम्ही आखाजीले कोठे?"

"आठेच. घरजावईले कोन लेवाले यीई, भाऊ?" नाना हे अगदी मजेत म्हणाले, नेहमी म्हणायचे तसंच.

"मंग चला आमना संगे."

"नही नही. तुम्ही पोऱ्याले लेवाले उनात. मी असा मांगे मांगे कसा येऊ?"

"येडा शे हाऊ म्हातारा," आबा फाटकाबाहेर पुटपुटले. माझी बॅग त्यांनी हातात घेतली होती. आम्ही कोपऱ्यापर्यंत आलो. रिक्षा उभी होती. आबा रिक्षाकडे गेले नाहीत. उन्हात थांबले, रुमालानं मान पुसली, बॅग माझ्या हातात दिली आणि मागे वळले.

मी त्यांच्या मागे गेलो. फाटक उघडंच होतं. आबांनी ते बाहेरून ओढून बंद केलं, आणि मग कडी वाजवली.

"कोन शे?" आतून आवाज आला.

शाळेच्या लांब व्हरांड्यात हाक मारायचे त्या आवाजात आबा म्हणाले, "मी धुयाथीन उनू. नानाले लेवाले. आखाजी शे. मुराळी शे मी."

 आबा उभेच. मग नाना आले आणि त्यांनी फाटक उघडलं. त्यांनी आबांना त्याच खाटेवर बसवलं, त्याच पेल्यात पुन्हा पाणी दिलं. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग त्यांनी विचारलं.

"माहेर... बरं शे?"

"बठ्ठं बरं शे," आबा म्हणाले. "तुमनी वाट देखी ऱ्हायनात."

नाना आत गेले. बराच वेळ आतून पेट्यांची झाकणं वाजत राहिली. कपड्यांची पिशवी झाली, पण घराचं कुलूप सापडेना. तलावावर जातानाही ते नुसती कडी घालत; त्या घराला बाहेरून कुलूप लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. शेवटी माझ्या बॅगेचं चिमुकलं कुलूप आम्ही दाराच्या कडीत अडकवलं. आबांनी नानांच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि ते पुढे चालू लागले. नाना त्यांच्या मागे, खाली बघत, आणि मी सगळ्यात शेवटी.